लोकमान्यांचे पथ्य

दरवर्षी १ ऑगस्ट जवळ आला की मला आमची सुप्याची शाळा आठवते. ते जुने सुपे आता राहिलेले नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे ते गाव १९८० नंतरच्या दशकात सुपा धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि आमच्यासारखी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. पण शाळेच्या भिंतीवरची लोकमान्य टिळकांची तसबीर, बाहेर कोसळणारा पाऊस आणि ओल्या कपड्यांनी मांडी घालून बसलेली आम्ही मुले, हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवशी भाषणे होत. प्रत्येक भाषणात तेच दोन-तीन प्रसंग असत. शेंगांच्या टरफलांची गोष्ट, मग शिक्षा, मग मंडाले, आणि शेवटी जयघोष. मीही एका वर्षी असेच भाषण पाठ करून म्हटले होते व टाळ्या मिळवल्या होत्या.

लोकमान्यांना मधुमेह होता, हे त्या भाषणांत कोणीच सांगितले नाही. ते मला कळले फार उशिरा, आणि तेही घरात त्याच रोगाने प्रवेश केल्यावर. म्हणून आज टिळकांचे चरित्र मी थोड्या वेगळ्या बाजूने सांगणार आहे. राजकारणी टिळक व पंडित टिळक यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते रुग्ण टिळकांविषयी.

माझे वडील लाकडाच्या डेपोत मुकादम होते. अंगाने काठीसारखे, दिवसाकाठी पाच-सहा कोस सहज चालणारे. रामनगरला आल्यावर काही वर्षांनी त्यांच्या पायाला काट्याची जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर निघाली. वडिलांनी ते हसण्यावारी नेले. मधुमेह शेठ-सावकारांना होतो, बसून तूप-साखर खाणाऱ्यांना होतो, उन्हापावसात राबणाऱ्याला तो कसा होईल, असे त्यांचे म्हणणे. गोळ्या चार महिने घेतल्या आणि सोडल्या. तीन वर्षांनी बेळगावच्या एका रुग्णालयात त्यांचे पाऊल कापावे लागले. त्या दिवसांत त्यांच्या उशाशी जागताना वाचायला म्हणून मी वाचनालयातून टिळकचरित्र आणले होते. त्यात मधुमेह हा शब्द आला आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि संस्कृत व गणित या विषयांत जाणकार. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. त्यानंतर थोड्याच काळात आई वारली, आणि मुलगा सोळा वर्षांचा असताना, १८७२ मध्ये, वडीलही गेले. डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा टिळकांची प्रकृती किरकोळ होती. ती सुधारायची असे त्यांनी ठरवले आणि कॉलेजचे जवळजवळ पहिले वर्ष तालीम, कुस्ती व पोहणे यांत घालवले. अभ्यास मागे पडला, वर्ष गेले, पण शरीर कमावले. आजच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. पुढच्या आयुष्यात तीन तुरुंगवास सोसायचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे तो फायद्याचा ठरला असे म्हणावे लागते. शरीर ही कमावण्याची व सांभाळण्याची गोष्ट आहे, ही शिस्त त्यांना विसाव्या वर्षाच्या आतच लागली.

१८७७ मध्ये ते बी. ए. झाले, १८७९ मध्ये कायद्याची पदवी मिळाली. १८८० च्या पहिल्याच दिवशी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढच्या वर्षी 'केसरी' व 'मराठा' सुरू झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तिच्यातून सुमारे वर्षभराने ते सुटले तेव्हा प्रकृती खालावली होती आणि वजन पुष्कळ घटले होते. त्यानंतरची दहा वर्षे वंगभंग, स्वदेशी, बहिष्कार, सुरतेची काँग्रेस, यांत गेली. अवेळी जेवण, रात्री-अपरात्रीचे लेखन, कोर्टाच्या खेपा आणि सततचा प्रवास हाच दिनक्रम.

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणावरील 'केसरी'तील लेखांसाठी २४ जून रोजी त्यांना मुंबईत पकडले. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. या वेळी त्यांना मधुमेह जडलेला होता. शिक्षेचे पुढे साध्या कैदेत रूपांतर झाले आणि अंदमानाऐवजी त्यांना ब्रह्मदेशात मंडाले येथे नेण्यात आले.

येथे थोडे थांबून विचार करू. बावन्न वर्षांचा, मधुमेही, परक्या मुलुखात एकटा असलेला हा कैदी १९०८ साली औषध म्हणून काय घेऊ शकत होता? उत्तर आहे, काहीही नाही. मधुमेह हा आपल्याकडे फार जुना परिचयाचा रोग आहे. लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या वैद्यांनी टिपून ठेवले होते. सुश्रुताने प्रमेहाचे जन्मतः येणारा व अपथ्याने होणारा असे दोन प्रकार सांगितले आहेत; पहिल्याचा रोगी कृश असतो आणि दुसऱ्याचा स्थूल, हेही नोंदवले आहे. युरोपात लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने १८६९ मध्ये स्वादुपिंडातील पेशींची लहान लहान बेटे पाहिली. १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. शरीरातील एका ग्रंथीत निर्माण होऊन रक्तावाटे दुसऱ्या अवयवाला निरोप पोहोचवणाऱ्या द्रव्याला स्टार्लिंगने १९०५ मध्ये हार्मोन हे नाव दिले. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. स्वादुपिंडातल्या बेटांतून असेच एखादे संप्रेरक स्रवत असावे, असा तर्क होता. पण ते कोणाच्या हाती लागले नव्हते. कारण कळू लागले होते, उपाय मात्र नव्हता. डॉक्टरांच्या हाती होते ते एकच, आहार आवळणे.

टिळकांनी तेच केले. भात व गोडधोड सोडून त्यांनी सातूच्या, म्हणजे जवाच्या, पिठावर आपला आहार बेतला आणि जोडीला दूध-तूप ठेवले. तुरुंगात त्यांच्यासाठी स्वयंपाक करायला एक मराठी कैदी दिलेला होता. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्षे, तेच पीठ. घरी बायको-मुले आग्रह करणारी असली, सणवार असले, की पथ्य मोडते. मंडालेला आग्रह करायला कोणी नव्हते, हे खरे. पण एकान्तात माणूस जिभेचा आधार शोधतो, हेही तितकेच खरे. पथ्य पाळणे तेथे सोपे होते असे मला वाटत नाही. सातूत विरघळणारा एक चिकट तंतू असतो, त्यामुळे पिष्टाचे पचन सावकाश होते व रक्तातील साखर एकदम उसळत नाही, हे आज प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. त्या काळी हे कारण ठाऊक नव्हते. अनुभवाला आले ते धरून ठेवण्याचा निग्रह मात्र होता.

कोठडी लाकडी गजांची होती. उन्हाळ्यात झळा आणि धुळीचे लोट, हिवाळ्यात बोचरा वारा. अशा ठिकाणी बसून त्यांनी पाली, जर्मन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. १९१० च्या नोव्हेंबरात 'गीतारहस्य' लिहायला घेतले आणि १९११ च्या मार्चअखेर ते लिहून पूर्ण केले. शाई मिळत नव्हती, म्हणून सारे लेखन शिसपेन्सिलीने. रक्तातील साखर चढलेली असली की ग्लानी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तहानेने जीव कासावीस होतो. हे मी वडिलांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. म्हणून पाच महिन्यांत एवढा ग्रंथ हातावेगळा करणाऱ्या माणसाचा आजार त्या काळात बराचसा ताब्यात असला पाहिजे, असे मी अनुमान करतो. ग्रंथामागे विद्वत्ता होती हे सर्व जाणतात. त्या विद्वत्तेला बसायला जागा दिली ती पथ्याने, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

अटी मान्य करून सुटका करून घेण्याचा मार्ग सुचवला गेला तेव्हा त्यांनी तो स्वीकारला नाही. ७ जून १९१२ रोजी पुण्यास पत्नी सत्यभामाबाई वारल्या. ती बातमी कोठडीत आली आणि तेथेच सोसावी लागली. १९१४ च्या जूनमध्ये सरकारने त्यांना गुपचूप पुण्यास आणून मध्यरात्री गायकवाड वाड्याच्या दाराशी सोडले. तेव्हा ते अठ्ठावन्नाव्या वर्षात होते.

इतके सोसल्यावर एखाद्याने विश्रांती घेतली असती. टिळक १९१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या बेळगावला आले. तेथे भरलेल्या प्रांतिक परिषदेच्या वेळी होमरूल लीगची स्थापना झाली. त्या दौऱ्यातील बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल सरकारने पुन्हा खटला भरला आणि वीस हजार रुपयांचा जामीन मागितला. तो हुकूम उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. त्याच जुलैत त्यांची साठ वर्षे पूर्ण झाली आणि लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली, ती त्यांनी देशकार्याला वाहिली. डिसेंबरात लखनौचा करार झाला. १९१८ च्या सप्टेंबरात ते विलायतेस गेले आणि थंड, परक्या हवेत वर्षाहून अधिक काळ राहून १९१९ च्या नोव्हेंबरात परतले. हा सर्व व्याप मधुमेह सांभाळून चालला होता.

१९२० च्या जुलैत मुंबईस सरदारगृहात मुक्काम असताना त्यांना ताप आला. तापातून फुफ्फुसाचा दाह झाला. मधुमेह्याच्या शरीरात जंतूंचा संसर्ग लवकर आटोक्यात येत नाही, हे आज वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असताना, लोकमान्य गेले. वय चौसष्ट वर्षे.

यानंतरची तारीख विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. ३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री, म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतर बरोबर ९१ दिवसांनी, कॅनडातील लंडन या गावी फ्रेडरिक बँटिंग नावाच्या तरुण डॉक्टरने स्वादुपिंडावरील एक लेख वाचला आणि त्याच्या मनात एका प्रयोगाची कल्पना आली. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत त्याने चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याच्या मदतीने कुत्र्यांवर प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्यांनी काढलेला अर्क टोचला. मुलगा उपासमारीच्या आहाराने ६५ पौंडांवर आला होता. पहिला अर्क अशुद्ध होता, गुण आला नाही. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला तेव्हा रक्तातील साखर ५२० वरून १२० वर उतरली. हेच इन्सुलिन. पुढच्याच वर्षी बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी आपापली रक्कम बेस्ट व कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतली. शोधाचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते.

टिळकांना इन्सुलिन मिळाले असते तर ते वाचले असते काय? मला हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. प्रामाणिक उत्तर असे की, सांगता येत नाही. ज्या मधुमेहात इन्सुलिन मुळी निर्माणच होत नाही, तो रोगी त्या काळी वर्ष-दोन वर्षांत जाई. टिळक निदान बारा वर्षे जगले, यावरून त्यांचा मधुमेह आज ज्याला दुसरा प्रकार म्हणतात त्यातला असावा. या प्रकारात इन्सुलिन असते, पण पेशी त्याचे ऐकत नाहीत, आणि हळूहळू स्वादुपिंडही थकते. अशा रोग्याला इन्सुलिनचा उपयोग होतो. पण त्यांना नेले ते तापाने, आणि पेनिसिलिन यायला अजून वीस वर्षे अवकाश होता.

मग औषधे निघाली, तपासण्या निघाल्या. १९५० नंतरच्या दशकात मधुमेहाच्या गोळ्या आल्या. याच दशकात सँगरने इन्सुलिनच्या ५१ घटकांची रचना उलगडली. १९८२ पासून जंतूंकडून तयार करवलेले मानवी इन्सुलिन मिळू लागले. आतड्यात स्रवणाऱ्या एका संप्रेरकाच्या धर्तीवरची औषधे २००५ पासून वापरात आली. ती साखर उतरवतात व भूकही आवरतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह काही काळ लांबवणारे एक औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

परंतु मला माझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. काठीसारख्या माणसाला मधुमेह का? त्याचे उत्तर मिळाले ते टिळकांच्याच पुण्यात. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउथहॅम्टनची ३.५ किलोंची. पण आपल्या बालकांत कमी होते ते स्नायू; पाठीवरची चरबी जवळजवळ तेवढीच. म्हणजे बाळ दिसायला हडकुळे आणि आतून चरबीचे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आईच्या पोटात असताना झालेल्या कुपोषणाची किंमत मूल मोठेपणी अशी मोजते. जीवनसत्त्व ब-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत इन्सुलिनचे काम मंदावते, असेही या अभ्यासात दिसून आले.

याही पलीकडे, कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील कृश रुग्णांच्या अभ्यासाचा त्यात मोठा वाटा आहे. या रुग्णांत पेशी इन्सुलिनचे ऐकतात, पण इन्सुलिनच कमी पडते, असे तेथे आढळले. या वर्गीकरणाविषयी तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. वडिलांचा मधुमेह यांपैकी कोणता होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही. एवढे मात्र कळले की तो शेठ-सावकारांचा रोग कधीच नव्हता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे आणि प्रमाणात सर्वांत वर आपला शेजारी गोवा आहे, २६.४ टक्के.

वडील पाऊल गेल्यानंतरच्या वर्षी वारले. शेवटच्या दिवसांत मी त्यांना लोकमान्यांचा मधुमेह सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले की, हे कोणी आधी सांगितले असते तर गोळ्या घेतल्या असत्या. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. औषध नसताना एका माणसाने केवळ पथ्याच्या बळावर बारा वर्षे रोगाशी दावा मांडला आणि त्या वर्षांत आयुष्यातले मोठे काम केले. औषध हाताशी असताना दुसऱ्या माणसाने रोग आपला नव्हेच असे मानले. लोकमान्यांचे खरे पथ्य सातूचे नव्हते. झालेला रोग झाला आहे असे मान्य करणे, हे ते पथ्य होते. बाकीचे सारे त्याच्या मागून येते.

आपल्या महाविद्यालयात गेल्या वर्षी एक मुलगी होती. जोयड्याच्या रानातल्या एका वाडीवरून येई. तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. सुप्याच्या पाण्यावर तयार झालेली वीज साऱ्या कर्नाटकाला जाते, पण तिच्या वाडीवर पावसाळ्यात ती दिवसेंदिवस नसते. तिचे इन्सुलिन एका मडक्यात, ते मडके ओल्या वाळूच्या दुसऱ्या मडक्यात, असे गार राखलेले असते. ती दिवसातून चार वेळा स्वतः टोचून घेते आणि वर्गात पहिल्या बाकावर बसते. १९२२ च्या आधी जन्मली असती तर ती या वर्गापर्यंत पोहोचली नसती.

विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या १ ऑगस्टला भाषण करणाऱ्याने टरफलांची गोष्ट अवश्य सांगावी. तिच्याबरोबर ही गोष्टही सांगावी. आणि घरी गेल्यावर तिशी ओलांडलेल्या आई-वडिलांना, विशेषतः जे काठीसारखे आहेत आणि आपल्याला काही होत नाही असे म्हणतात त्यांना, जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन एकदा रक्त तपासून आणावे. त्या वर्षी शाळेत मिळवलेल्या टाळ्यांपेक्षा तेवढे एक काम माझ्या हातून वेळेवर झाले असते, तर मला अधिक समाधान असते.